माझ्या वाटचं डिस्टिल्ड पाणी

गावाचं नाव मी लिहीत नाही. मलकापूरला उतरून पुढे एसटीने जावं लागे, एवढं पुरे. या प्रकरणात जी माणसं येतात त्यांची मुलंबाळं अजून तिथे राहतात आणि त्यांच्याशी माझा काही वाद नाही. कॉलेज नवीन होतं. विज्ञान शाखेला इमारत नव्हती, म्हणून एका जिनाचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, रिकामं कापूसगोदाम भाड्याने घेतलेलं होतं आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्या गोदामाच्या मागच्या अंगाला होती. शेजारचा जिन हंगामात दिवसभर घरघरायचा. कापसाचे बारीक तंतू खिडकीच्या जाळीतून आत यायचे आणि ब्युरेटच्या तोंडावर, तराजूच्या पारड्यात, माझ्या वेणीत बसायचे. मला तेविसावं लागलं होतं. नागपूरला एमएस्सी करून मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. मुलांची प्रॅक्टिकल घ्यायची आणि उरलेल्या वेळात नागपूरच्या सरांकडे नाव नोंदवून पीएचडीचं काम करायचं, असं ठरलं होतं. वरवट बकालजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीतून एवढं शिकलेली मी पहिलीच. हे अभिमानाने सांगत नाही. पहिलं असण्याचा व्यवहारात अर्थ एवढाच, की अडलं तर विचारायला कोणी नसतं.

खोलीसाठी मी सहा घरं पाहिली. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची आणि आडनाव सांगितल्यावर ती कालच दिलेली निघायची. पाचव्या घरच्या बाईंनी चहाही टाकला होता. तो आतच राहिला. सातव्या घरी एका शिंप्याची विधवा राहायची, सगळे तिला खालाबी म्हणत. मी आडनावापासूनच सुरुवात केली, तर ती म्हणाली, "मेरे कू क्या करना तेरे आडनाव का? मेरी बकरी कू लात नै मारना, बस." मी बकरीला लात मारली नाही आणि साडेचार वर्षं तिथे राहिले.

त्या सगळ्या भागात विहिरींचं पाणी खारं. खारपाणपट्ट्यात जन्मलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण स्वयंपाकाची गत अशी की तुरीची डाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा. पापडखार घातल्याशिवाय वरण व्हायचं नाही, आणि पापडखार घातला की वरणाला साबणाची चव यायची. म्हणून मी डाळीच्या नादी फारशी लागत नसे. ज्वारीची भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी, कधी खालाबीच्या हातचा पातळ सालन. तिने डबा झाकून ठेवलेला असायचा. "क्यूं री, आज बी सूखी रोटी खाई क्या? तेरे कालेज में बोलने कू कोई हय के नै?" असं ती रोज विचारायची. आहे, म्हणून मी सांगायची. खरं म्हणजे प्रॅक्टिकल सोडलं तर दिवसदिवस माझ्या तोंडून वीसेक वाक्यं जात असतील, आणि त्यातली निम्मी बकरीला.

आता कामाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. निकेल, कोबाल्ट, तांबं अशा धातूंचा अणू पाण्यात सुटला की तो एकटा राहत नाही. आजूबाजूच्या रेणूंना धरून घेतो. धरणाऱ्या रेणूला लिगंड म्हणतात. एकाच रेणूला धरायच्या अनेक जागा असल्या तर तो बहुदंती लिगंड. वर्गात मी दात म्हणत नाही, हात म्हणते, कारण काम धरण्याचं आहे, चावण्याचं नाही. एका हाताचा रेणू धातूला धरतो आणि सोडतो. सहा हातांच्या रेणूचा एक हात सुटला तरी पाच धरलेले असतात, तोवर सुटलेला परत येतो. माझं काम असा सहा हातांचा रेणू आखण्याचं होतं: चार नायट्रोजन, दोन ऑक्सिजन, आणि त्यांच्यामध्ये कार्बनची साखळी अशा बेताची की सगळे हात एकाच निकेलच्या अणूभोवती नीट बसावेत. साखळी आखूड झाली तर हात पोचत नाहीत, लांब झाली तर ढिले पडतात. आज माझ्या विद्यार्थिनी संगणकाच्या पडद्यावर रेणू फिरवून बघतात. मी भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या घ्यायची. काळे हरभरे कार्बन, गुलाबी रंगात बुडवलेले नायट्रोजन, वाटाणे ऑक्सिजन, मध्ये निकेल म्हणून एक बोर. खाऱ्या पाण्यात हरभरा मऊ पडत नाही, त्यामुळे काडी घट्ट बसायची. खारपाणाचा हा एक फायदा. खोलीच्या ओट्यावर बसून मी साखळ्या वाकवून बघत असे. पहिला रेणू मला पटला त्या दिवशी तो तिथेच वाळत ठेवून मी पीठ मळायला आत गेले, आणि बकरीने बोरासकट खाल्ला. खालाबी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या वर्षातला मला आठवणारा तो एकच हसण्याचा प्रसंग.

प्रयोगशाळेत पाणी लागायचं ते डिस्टिल्ड. स्टोव्हवर काचेचा चंबू, त्याला कंडेन्सर, आणि थेंबथेंब जमा झालेलं पाणी खिडकीशी उंच ठेवलेल्या मोठ्या काचेच्या बाटलीत. बाटलीला खाली तोटी होती. हे सगळं शामराव बघायचा. शामराव आमचा लॅब अटेंडंट, पन्नाशीचा, कपाळाला अष्टगंध, हात अतिशय स्वच्छ. आता गावात खारं पाणी आणि इथे बाटलीभर गोड पाणी, तेव्हा व्हायचं तेच झालं होतं. दुपारी चारला सगळे मास्तर लॅबमध्ये जमायचे आणि शामराव बाटलीतल्या पाण्याचा चहा करायचा, कारण खाऱ्या पाण्यात दूध फाटतं. विभागप्रमुखांच्या घरी वरणासाठी रोज एक बाटली जायची. म्हणजे कागदावर ते रसायन होतं, पण खरं तर ते पिण्याचं पाणी होतं. आणि पिण्याचं पाणी म्हटल्यावर माझा हात त्या तोटीला लागणं कोणाला परवडणारं नव्हतं.

कोणी काही बोललं नाही. मी रुजू झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक पितळी कळशी आली, लखलखीत घासलेली, वर झाकण. शामराव म्हणाला, "बाई, हे तुमचं पानी. रोज सकायी भरून ठेवत जाईन. तुमाले उठाचं काम नाई." मला कळायचं ते कळलं. असलं कळायला आम्हाला वेळ लागत नाही. भांडावं असं वाटलं का? वाटलं. पण बाने निघताना एकच सांगितलं होतं, "शिकाले चालली तं शिकून ये, लढाया मंग करू." मी त्या कळशीतलं पाणी घ्यायचं आणि कळशीकडे पाहायचं नाही, असं ठरवलं. आणि मी ठरवलेलं पाळते. त्या कळशीवर माझी नजर इतकी सराईतपणे घसरत गेली की थोड्याच दिवसांत ती मला दिसेनाशी झाली. ही चूक माझी. बाकीच्यांच्या चुका त्यांनी मोजाव्यात.

पहिला रेणू मी दोन महिने खपून तयार केला. पांढरी, जराशी चिकट पूड. ती पाण्यात विरघळवायची, वरून ब्युरेटने निकेल सोडत जायचं आणि रंग वाढत वाढत कुठे थांबतो ते पाहायचं. एका रेणूला एक निकेल हवं. माझा रंग आधीच थांबायचा. जणू दहा रेणूंपैकी दोघातिघांचे हात कोणी आधीच धरून ठेवलेले होते. सरांना पत्र लिहिलं. सरांचं कार्ड आलं: साखळी आखूड असावी, एक कार्बन वाढवा. वाढवला. तीन महिने. रंग आणखी आधी थांबला. मग मी स्वतःच्या डोक्याने टोकाचे ऑक्सिजन बदलले, अधिक घट्ट धरणारे निवडले. कागदावर हा रेणू पहिल्या दोघांपेक्षा सरस होता, हरभऱ्यातही सरस होता, आणि ब्युरेटखाली सगळ्यात वाईट निघाला. नुसती पूड पाण्यात टाकून ठेवली, धातूचा थेंबही न घालता, तरी काही वेळाने फिकट हिरवट छटा यायची. मी वहीत लिहिलं, "हवेमुळे." ती वही माझ्याकडे आहे. त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते, कारण मी ते तपासलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं.

श्रावणात सरांचं कार्ड आलं. चार ओळी. तीन लिगंड झाले, तिन्ही अपयशी. आखणीच चुकत असेल तर विषय पेलणार नाही. दिवाळीपर्यंत एका तरी रेणूच्या मोजणीचे तीन संच बिनचूक आणि एकसारखे आले नाहीत तर नोंदणी रद्द केलेली बरी, तुमचाही वेळ वाचेल. सर दुष्ट नव्हते. माझी पूड नागपूरला एका दुपारी तपासून पाहता आली असती, ती त्यांनी पाहिली नाही, हे त्यांनी पुढे कबूलही केलं. पण कार्ड वाचताना माझ्या मनात आलं ते एवढंच: नोंदणी गेली की मी बाकी काय उरते? कापसाचे तंतू वेणीत घेऊन मुलांची प्रॅक्टिकल घेणारी बाई. घरी बाने चिखलीच्या एका शाळामास्तराचं स्थळ पाहून ठेवलं होतंच. मी ते कार्ड कोणाला दाखवलं नाही. दाखवायचं कोणाला?

पोळ्याला कॉलेज दोन दिवस बंद. शामराव बैल सजवायला आपल्या गावी गेला, मास्तर मंडळी घरी. डेमॉन्स्ट्रेटर म्हणून किल्ली माझ्याकडे होती. सकाळीच जाऊन लॅब उघडली. जिनही बंद, इतकी शांतता की तोटीचा थेंब ऐकू यावा. कळशीत तळाला तांब्याभर पाणी होतं. ते घोटभरावर आलं, आणि मला आणखी हवं होतं. बाटली माझ्यापासून दहा पावलांवर भरलेली. मी दाराकडे पाहिलं. हे लिहिते कारण ते खरं आहे: रिकाम्या लॅबमध्ये, सरकारी पगारावर असलेली मी, पाण्याची तोटी फिरवण्याआधी दाराकडे पाहिलं.

त्या पाण्यात पूड विरघळली आणि तशीच राहिली. हिरवट छटा आली नाही. तास झाला, दोन तास झाले, स्वच्छ. मग मी निकेल सोडायला घेतलं, आणि रंग वाढत गेला, वाढत गेला, आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. एकास एक. मी स्टुलावर बसले. मग उठून कळशी उचलली आणि ती आल्यापासून पहिल्यांदाच नीट आत पाहिलं. आतल्या कल्हईचा पत्ता नव्हता. नुसतं पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. शामराव रोज सकाळी चिंच लावून ते घासायचा, त्यावर दिवसभर डिस्टिल्ड पाणी, जे स्वतःत काही नसल्यामुळे मिळेल ते ओढून घेतं. दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत बाटलीचं पाणी, एकीत कळशीच्या तळाचं. दोन्हींत माझ्या तिसऱ्या रेणूची चिमूट. पांढऱ्या कागदापुढे धरल्या. एक पाण्यासारखी, दुसरी हिरवी.

माझे रेणू वाईट नव्हते. ते इतके चांगले होते की भांड्याचं तांबं आणि जस्त धरून बसले होते, आणि मी जितका चांगला रेणू आखला तितकं जास्त धरून बसले होते. निकेल यायच्या आत हात भरलेले. तांब्याने निदान रंग तरी दाखवला. जस्ताला रंग नसतो. ते गुपचूप जागा अडवून बसतं.

आनंद झाला का, असं माझी पुतणी हे वाचून विचारते. झाला असेल. पण लगेच लक्षात आलं की दोन दिवसांत एक संच होईल, सरांना हवेत ते तीन नाहीत. त्यासाठी सत्र सुरू झाल्यावर, सगळ्यांसमोर, रोज त्या तोटीला हात लावावा लागणार.

पोळ्यानंतर शामराव आला. मी त्याला नळ्या दाखवल्या आणि सांगितलं, "शामराव, उद्यापासून पाणी मी बाटलीतून घेणार. माझं मी."

तो नळीकडे पाहत राहिला. "हे माह्या कळशीनं केलं?"

"हो."

"पन बाई, म्या तं रोज घासत होतो! चिचेनं घासत होतो, सोन्यावानी!"

"म्हणूनच झालं."

तो खाली बसला. "माह्या मायची कळशी हाय ते. लॅबचं टिनाचं डबडं देनार होते तुमाले, म्या म्हन्लं, शिकेल बाई हाय, डबडं काऊन द्याचं? म्हून घरून आनली." मग एकदम मान वर करून म्हणाला, "माही माय जलमभर त्यातच पानी पेली. मंग तिले काय इख पाजलं का आमी?"

"नाही. घरी कल्हई असेल. आणि विहिरीचं पाणी एवढं ओढत नाही."

"हाव, कल्हई होती तवा," तो म्हणाला. मग कळशीवर झाकण ठेवत, "पन बाई, तुमी तोटीले हात लावला तं सायेब लोक पेनार नाईत त्यातलं."

"मग काय पितील?"

"खारं," शामराव म्हणाला आणि हसू दाबायला त्याने तोंड फिरवलं. पुन्हा वळला तेव्हा हसू नव्हतं. "मले इचारतील. म्हनतील, तू का देऊन राह्यला. माह्या नोकरीचं पाहा, बाई."

ते खरं होतं, म्हणून मी आधी विभागप्रमुखांकडे गेले. नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि काय झालं ते सांगितलं, पाण्याविषयी, पितळेविषयी. कळशी वेगळी का, ते सांगितलं नाही. त्यांना ते माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांनी हिरवी नळी उजेडात धरली. "रंग छान आलाय," ते म्हणाले. मग, "असं करू, तुमच्यासाठी वेगळी काचेची बाटली मागवू. पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रात टाकतो."

"मला दिवाळीपर्यंत निकाल द्यायचा आहे, सर."

"अहो, मला काहीच अडचण नाही. पण चार लोकांच्या भावना असतात. तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार. दीड वर्ष मी तेच होते, आणि त्यात तीन रेणू वाया गेल्यासारखे झाले होते. "मी आज चारला पाणी घेणार आहे," मी म्हटलं. "शामरावचा यात संबंध नाही. मी तुम्हाला सांगून घेते आहे."

चार वाजता मास्तर जमले. शामरावने स्टोव्ह पेटवला होता. मी माझा फ्लास्क घेऊन बाटलीपाशी गेले, तोटी फिरवली आणि फ्लास्क भरला. मोठा फ्लास्क, दोन लिटरचा. भरायला बराच वेळ लागला. एकाने घड्याळात पाहिलं. फ्लास्क भरल्यावर मी तोटी बंद केली, पुसली, आणि टेबलाशी येऊन बसले. चहा झाला. कोणी प्याला नाही. पहिला उठला तसे बाकीचे उठले. एका तरुण मास्तराने, भौतिकशास्त्राचा होता, दारापर्यंत जाऊन मागे पाहिलं, आणि मग तोही गेला.

भांडण झालं नाही, तक्रार झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये एक माठ आला आणि चहाची मंडळी तिकडे गेली. दूध फाटायचं, ऐकू यायचं मला. विभागप्रमुखांच्या घरची बाटली बंद झाली. शामरावची नोकरी राहिली. कळशी तो घरी घेऊन गेला. लॅबमध्ये डिस्टिल्ड पाणी इतकं उरायला लागलं की मला ते संपवता येईना. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि त्याबरोबर चार वाजताची बडबडही गेली. तिच्यात मला कोणी घेत नव्हतं, तरी ती होती. कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाची बदली, कापसाचा भाव. मी पाठमोरी बसून ऐकायची आणि मला वाटायचं आपण ऐकत नाही. आता लॅबमध्ये जिनाची घरघर आणि मी.

नवरात्र संपेपर्यंत तिसऱ्या रेणूचे संच मी पुरे केले. सरांना तीन एकसारखे आकडे हवे होते. पहिला बरोबर आला, दुसरा आला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिसराही आला. वहीत लिहिला, खाली सही केली. घड्याळात साडेतीन झाले होते. आता नोंदणी जात नव्हती, रेणू माझा होता आणि तो निकेलला धरत होता. मी ब्युरेट धुतलं, पुन्हा निकेल भरलं आणि चौथा संच लावला. चौथ्याची गरज नव्हती. पण काम थांबवलं असतं तर हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं असतं.